ओरव्हेनाची पांढरी वाट

इटलीच्या डोंगराळ मुलखात ओरव्हेना नावाचं एक गाव आहे. त्याच्या खालच्या वेशीबाहेर दोनशे पावलांची एक वाट उताराने जाते आणि मोकळ्या माळावर संपते. पुढे ना घर, ना शेत. तरी दरवर्षी गावकरी तिच्यावर चुना पसरतात. ही वाट कशाची, असं पाहुण्यांनी विचारलं, की जन्मभर चपला-जोडे शिवलेले एरसिलियो नावाचे वृद्ध गृहस्थ त्यांना आधी वेशीच्या पायरीवर बसवतात आणि मग सांगायला लागतात.

फार पूर्वी रोममध्ये दोन सेनापती सत्तेसाठी एकमेकांच्या जिवावर उठले होते. तुम्ही कुणाच्या बाजूचे, अशी गावोगाव विचारणा होई. ओरव्हेनाने म्हणे उत्तर पाठवलं, आम्ही ओरव्हेनाचे. त्या हिवाळ्यात एका सेनापतीचे लोक धान्य न्यायला आले, तर गावाने वेस लावून घेतली.

गावात व्हिबियस आणि ओपियस असे दोन मातब्बर गृहस्थ होते. नगरप्रमुखाच्या खुर्चीवरून वीस वर्षं त्यांचं हाडवैर. व्हिबियस बोलण्यात पटाईत, तो सात वेळा निवडून आला. त्या सातही वेळा त्याच्यासमोर ओपियस पडला. एक ज्या न्हाव्याकडे जाई, त्याच्याकडे दुसरा दाढी करत नसे. वेस लावायचा ठराव आला तेव्हा मात्र दोघांनीही हात वर केला. वीस वर्षांत त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

वसंतात तो सेनापती स्वतः फौज घेऊन आला. त्या सालचा नगरप्रमुख मधल्या काळात तापाने गेला होता, खुर्ची रिकामी होती. सेनापतीने निरोप धाडला, "सात दिवसांत खुर्चीवरचा माणूस माझ्या हवाली करा. त्याचं डोकं जाईल, गाव राहील. नाहीतर गाव जाईल."

आता कोण उभा राहणार, असं लोक म्हणत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिबियस चौकात आला. उमेदवार तेव्हा झग्याला खडू चोळून तो पांढराशुभ्र करत. तसा झगा त्याने घातला होता.

ओपियस जेवायला बसला होता, तेव्हा त्याला हे कळलं. त्याला आधी आला तो रागच. म्हणजे हेसुद्धा यानेच घ्यायचं? घास तसाच टाकून तो उठला, अंगणात येरझाऱ्या घालू लागला. हळूहळू राग ओसरला, पण बेचैनी जाईना. वेस लावायला त्याचाही हात वर गेला होता. त्याने खडू मागवला.

पाचव्या दिवसापर्यंत दोघं दारोदार फिरले. व्हिबियस सांगे, "माझी बायको गेली, मुलं परमुलखात आहेत. मागे रडणारं कुणी नाही. मला निवडा." ओपियस म्हणे, "सात वेळा मला नाही म्हणालात. आता आठव्यांदा तरी हो म्हणा." लोक हसत आणि दार लावून घेऊन डोळे पुसत.

सहाव्या दिवशी मतदान झालं. मेण लावलेल्या लाकडी पाट्यांवर नावं लिहून लोकांनी त्या टोपल्यांत टाकल्या. चाळीस मतांनी व्हिबियस निवडून आला. ओपियस चौकातल्या पायरीवर मटकन बसला. जवळच गेलियस कुंभार उभा होता. ओपियसला जन्मभर मत देत आलेला माणूस.

"गेलियस, तुमच्या आळीतून मला किती मतं पडली?"

"एकही नाही."

ओपियसने मान वर केली.

"तुम्हाला मारायला आमचा हात कसा उठेल?" गेलियस म्हणाला. "आम्ही व्हिबियसचं नाव लिहिलं. त्यांच्या माणसांनी तुमचं लिहिलं. तुमची माणसं जास्त निघाली, एवढंच."

हे व्हिबियसने ऐकलं. तो हळूहळू पायरीपाशी आला.

"वीस वर्षं मी समजत होतो, गाव माझं आहे," तो म्हणाला. "ही निवडणूक तू जिंकलास, ओपियस. पण खुर्ची माझी. कायदा म्हणजे कायदा."

सातव्या दिवशी व्हिबियस थोडा वेळ त्या खुर्चीवर बसला, मग उठून वेशीबाहेर पडला. त्याचा गुडघा दुखरा होता आणि उतार तीव्र. ओपियसने पुढे होऊन त्याला हात दिला. दोघांच्याही अंगात पांढरे झगे. माळावर सेनापतीने विचारलं, "हा दुसरा कोण?"

"माझा विरोधक," व्हिबियस म्हणाला.

सेनापती ओपियसकडे वळून हसला. "मग आज तुझ्या आनंदाचा दिवस."

"आमच्याकडे विरोधकाला मतांनी पाडतात," ओपियस म्हणाला. "तलवारीने पाडणाऱ्याला आम्ही विरोधक म्हणत नाही."

सेनापतीचं हसू मावळलं, असं सांगतात. तरी त्याने शब्द फिरवला नाही. दुपारच्या आत व्हिबियसचं शिर माळावर पडलं आणि एकाही घराला हात न लावता फौज निघून गेली. ओपियसने देह स्वतःच्या खांद्यावर घेतला. वेशीतून माणसं धावत आली, पण त्याने कुणाला हात लावू दिला नाही. थांबत, धापा टाकत तो सगळा चढ चढला. दोघांच्या झग्यांवरचा खडू वाटभर झडत होता. पुढच्या पावसानेही म्हणे तो धुतला गेला नाही.

पुढल्या वर्षी गावाने ओपियसला बिनविरोध निवडायचं ठरवलं. तो म्हणाला, "समोर कुणी उभं राहणार नसेल, तर मला ती खुर्ची नको." अखेर गेलियस कुंभार त्याच्याविरुद्ध उभा राहिला, आणि रीतसर पडला.

आजही ओरव्हेनात निवडणुकीचा निकाल लागला, की हरलेला उमेदवार जिंकलेल्याचा हात धरून त्याला या वाटेने माळापर्यंत नेतो आणि परत वर आणतो. तोवर नव्या माणसाला खुर्चीवर बसता येत नाही. सगळं गाव दुतर्फा उभं असतं आणि टाळ्या पडतात त्या हरलेल्यासाठी.

"मी ही वाट तीनदा उतरलोय," एरसिलियो सांगतात. जिंकून की हरून, असं कुणी विचारलं तर त्यांना नवल वाटतं.

"हरूनच," ते म्हणतात. "तिन्ही वेळा."