कापलेल्या बुडाचे कंद

एका गावात एक बाई राहत होती. घरात मुलगा, सून आणि छबी नावाची लहानगी नात. पण तुमचं सगळ्यात लाडकं कोण असं कुणी विचारलं असतं, तर बाईने आधी अंगणाकडे पाहिलं असतं आणि मग नातीचं नाव घेतलं असतं.

त्या अंगणात पावसाळी लिली होती. एरवी पाहावं तर नुसतं गवत. कांद्याच्या पातीहून बारीक पानं, नवखा माणूस तण म्हणून उपटूनच टाकील. पण थोडे दिवस उघडीप पडून माती सुकली आणि मग एखादी दणदणीत सर येऊन गेली, की दोन-तीन दिवसांत त्या गवतातून गुलाबी फुलं वर येत. एवढी की पाय ठेवायला जागा उरत नसे. फुलं टिकत दीड-दोन दिवस, पण तेवढ्यात अख्खं गाव येऊन बघून जाई.

बाईला त्या लिलीची नस सापडली होती. उगाच पाणी घालायचं नाही. कंद दाटीवाटीने वाढत असतील तर वाढू द्यायचे, सारखं उकरायचं नाही. माती कोरडी पडली म्हणून घाबरायचं नाही, कारण कंद त्या वेळी आत विसावा घेत असतो. हे सगळं ती आपल्या सासूकडून शिकली होती आणि दुसऱ्या कुणाला शिकवायचा तिचा विचार नव्हता.

अडचण एकच होती. झाड मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, असा त्या गावचा रिवाज होता. दारात कुणी रोप मागितलं आणि दिलं नाही, तर चारचौघांत नाव खराब होई. बाईला नाव तर हवं होतं, आणि लिली आपल्या एकटीच्याच अंगणात फुलावी असंही वाटत होतं. मग तिने एक युक्ती काढली.

कंदाच्या बुडाशी एक कठीण चकती असते. मुळं तिच्यातूनच फुटतात. कुणी कंद मागितले, की बाई मागच्या दाराशी बसून विळीवर ती चकती कापून टाकी. वरची पात छाटी, काळपट सालं सोली आणि पांढरेशुभ्र कंद फडक्यात बांधून देई. लोक म्हणत, काय व्यवस्थित देते बघा, माती म्हणून लागू देत नाही. वर ती बजावून सांगे, रोज भरपूर पाणी घाला. घेणारे मनोभावे पाणी घालत आणि कंद मातीत कुजून जात. मग बाई चुकचुकून म्हणे, "तुझ्या हाताला लागली नाही ग. एखाद्याचा हातच तसा असतो."

इतर बायका हे ऐकून विसरून जात. शेजारची गोदा विसरली नाही.

गोदाला मूलबाळ नव्हतं. त्यावरून गावात कुजबूज होतीच. तिला फुलांची फार आवड, म्हणून ती दर पावसाळ्यात कंद मागायला येई, आणि दर वेळी तिचे कंद कुजत. हळूहळू आळीतल्या बायका म्हणू लागल्या की गोदाच्या हाताखाली काही जगत नाही. पेरणीच्या वेळी तिला बियाण्याला हात लावू देईनात. बाळंतिणीच्या खोलीत तिला कुणी बोलावीना. पुढेपुढे गोदालाही ते खरं वाटू लागलं. कुणाचं तान्हं मूल समोर आलं, की ती हात पदराखाली घेऊन उभी राही. बाईला हे रोज दिसत होतं. दोन कंदांचं हे इतकं होईल असं तिला वाटलं नव्हतं, पण झालं म्हणून तिने तोंडही उघडलं नाही.

एके सकाळी परगावच्या एका पाहुणीने कंद मागितले. बाईने नेहमीसारखे कापून, सोलून सुपात ठेवले आणि हाक आली म्हणून ती विहिरीवर गेली. इकडे छबी भुकेने रडायला लागली. सासू कंद कापते हे सुनेला ठाऊकच नव्हतं. तिने सूप पाहिलं, सासूबाईंनी बारके कांदे सोलून ठेवलेत असं समजून दोन-तीन ठेचले, तेल-मीठ आणि गुळाचा खडा घातला आणि भाकरीबरोबर पोरीला भरवले.

घटकाभरात छबीला उलट्या सुरू झाल्या. मग तिचे हातपाय गार पडले आणि मान कलली.

मुलगा धावत वैद्यांना घेऊन आला. आळीतल्या बायका ओसरीवर जमल्या. पोरीने काय खाल्लं, असं वैद्यांनी विचारलं. सून रडत म्हणाली, भाकरी आणि कांदा, बाकी काही नाही. वैद्यांनी सुपातला एक कांदा उचलून हुंगला, फोडून पाहिला.

"हा कांदा नाही," ते म्हणाले. "पण हे आहे काय? ते कळल्याशिवाय मी औषध देणार नाही. अंदाजाने दिलं आणि चुकलं, तर त्यानेच पोर जाईल."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मुळं नाहीत, पात नाही, साल नाही. कोण ओळखणार?

तेवढ्यात दाराशी उभी असलेली गोदा बोलली. तिचे दोन्ही हात पदराखाली होते. "सकाळी छबी माझ्या दारात पडली, तेव्हा मी तिला उचललं होतं. मी हात लावायला नको होता."

ओसरीवरची एकजण म्हणाली, तो कांदा कसला बघताय, आधी पोरीची दृष्ट काढा. दुसरीने गोदाला तिथून निघून जायला सांगितलं. गोदा मुकाट्याने वळली.

बाई विहिरीवरून धावत येऊन कोपऱ्यात उभी होती. तो कंद कशाचा हे त्या घरात तिला एकटीला ठाऊक होतं. तो लिलीचा आहे म्हटलं, की पुढचा प्रश्न येणार की मग बूड कुणी कापलं. इतक्या वर्षांचं नाव एका दमात जाणार. आणि नाही बोललं तर? दोष घ्यायला गोदा आपणहून पुढे आलीच होती. बाई गप्प राहिली. फार वेळ नाही, पण तेवढ्यात छबीचे डोळे पांढरे झाले. ते आपलं गप्प राहणं बाईला पुढे जन्मभर आठवत राहिलं.

"तो माझ्या लिलीचा कंद आहे," ती म्हणाली.

वैद्य लगेच कामाला लागले. सून मात्र सासूकडे बघतच राहिली. "लिलीच्या कंदाला मुळं असतात, आई. हे कुणी कापले?"

"मी," बाई म्हणाली. "बूड कापलं की कंद जगत नाही. गोदे, थांब. तुला दिलेला प्रत्येक कंद मी असाच कापून दिला होता. तुझ्या हातात काही वाईट नाही. वाईट माझ्या विळीत होतं."

गोदा उंबऱ्यापलीकडे खाली बसली.

उन्हं कलली तेव्हा छबीने डोळे उघडून पाणी मागितलं. पोर वाचली.

दुसऱ्या दिवशी बाईने लिलीचा एक दाट गड्डा मुळांसकट, मातीसकट उचलला आणि गोदाच्या दारी नेला. गोदाने तो घेतला नाही.

"मला कंद नको, काकू," ती म्हणाली. "तुमच्या बोलण्यावरून ज्या ज्या घरी माझा हात वाईट म्हणतात, त्या त्या घरी जाऊन सांगा की तो वाईट नव्हता."

बाईला वाटलं होतं, ओसरीवर बोलले तेवढं पुरे. पण ती गेली. प्रत्येक उंबऱ्यावर उभी राहून तिने आपल्या तोंडाने सगळं सांगितलं. काही घरांत तिला बसाही म्हटलं नाही. काही बायका तर साळसूदपणे म्हणाल्या, आम्ही कुठे गोदाला काय म्हणत होतो? शेवटचं घर झाल्यावर ती परत आली, तेव्हा गोदाने तो गड्डा घेतला आणि लावला.

गावाचा समज लवकर गेला. पेरणीला गोदाला बोलावणं आलं. पण तिचा स्वतःचा समज काही जाईना. बियाण्यात हात घालायच्या वेळी तो आपोआप मागे येई. ती घाबरून लिलीला पाणी घालायला धावे आणि बाई तिला थांबवी. माती सुकू दे, कंद विसाव्याला गेलाय, तू काही चुकीचं केलेलं नाहीस, असं ती रोज जाऊन सांगे. जे मोडायला दोन शब्द पुरले होते, ते जोडायला तिला अख्खा उन्हाळा पुरला नाही. या गोष्टीचं बाईला फार वाईट वाटे, आणि ते वाटायलाच हवं होतं.

पुढच्या श्रावणात उघडिपीनंतर सर आली, आणि एका सकाळी गोदाच्या अंगणात फुलं उमलली. आळी गोळा झाली, छबी टाळ्या वाजवत नाचली. गोदाने फुलांकडे एकदा पाहिलं. मग ती पायरीवर बसली आणि किती तरी वेळ आपले दोन्ही तळहात उलटेसुलटे करून पाहत राहिली. तिच्याजवळ जायचा बाईला धीर झाला नाही.

या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य एवढंच: आपलं फूल दुसऱ्याला दिलं नाही, तर तो फार तर कंजूषपणा होतो, पण आपल्या लबाडीचा दोष दुसऱ्याच्या हातावर जाऊ दिला, तर तो हात पुन्हा सरळ व्हायला फार काळ लागतो.