टिल्लीचं घुंगूर वाजेना

ऊन पेंगलं होतं. कोंबड्या पेंगल्या होत्या. अंगणातला शेवगासुद्धा पेंगला होता.

टिल्ली मात्र जागी होती. टिल्ली म्हणजे येसूमावशीचं इवलंसं करडू. गळ्यात एक घुंगूर. रोज टिल्ली उडी मारायची, टुणुक टुणुक. घुंगूर वाजायचं, छुम छुम.

आज सकाळपासून टिल्लीला जुलाब लागले होते. पिचिक, पिचिक, पिचिक! अंगातलं पाणी गेलं. पाण्याबरोबर उडी गेली. घुंगूर गप्प.

"अगं माझी बाय ती!" येसूमावशी म्हणाली. "मीठ-साखरेचं पाणी पी, बरं वाटेल. माझा ग्लास तयार आहे. जा, मिठाला बोलाव."

टिल्ली निघाली. डुगू डुगू, डुगू डुगू.

बरणीत होतं मीठ.

"मिठा मिठा, ये ना! घुंगूर वाजेना!"

"एकटं मी खारट. साखर आली तर येईन."

डुगू डुगू, डुगू डुगू. डब्यात होती साखर.

"साखरे साखरे, ये ना! मीठ येईना, घुंगूर वाजेना!"

"कोरडी मी कशी येऊ? पाणी आलं तर येईन."

डुगू डुगू, डुगू डुगू. चुलीवर पातेलं, पातेल्यात पाणी.

"पाण्या पाण्या, ये ना! साखर येईना, मीठ येईना, घुंगूर वाजेना!"

"न उकळता कसं येऊ? चूल पेटली तर येईन."

"चुली चुली, पेट ना! पाणी येईना, साखर येईना, मीठ येईना, घुंगूर वाजेना!"

चुलीने जांभई दिली. "पोट माझं रिकामं. काटकी पडली तर पेटेन."

चुलीशेजारी शेवगा.

"शेवग्या शेवग्या, काटकी पाड ना! चूल पेटेना, पाणी येईना, साखर येईना, मीठ येईना, घुंगूर वाजेना!"

"झोपेत मी कसा हलू? वारा आला तर पाडीन."

वारा पाचोळ्याच्या गादीवर झोपला होता.

"वाऱ्या वाऱ्या, ये ना! काटकी पडेना, चूल पेटेना, पाणी येईना, साखर येईना, मीठ येईना, घुंगूर वाजेना!"

"घुंगूर वाजलं तर उठेन," वारा झोपेत पुटपुटला.

अरे देवा! तेच तर वाजत नव्हतं. टिल्लीला रडू आलं. ती मटकन खाली बसली.

छु...म.

"कोण गं?" वारा उठला.

वारा आला, काटकी पडली. काटकी पडली, चूल पेटली. चूल पेटली, पाणी उकळलं. खळखळ खळखळ! वाऱ्याने फुंकर घातली, फूऽऽ, पाणी निवलं. पाणी आलं, साखर आली, चमचाभर. साखर आली, मीठ आलं, चिमूटभर.

किण किण किण! मावशीने ढवळलं. आधी स्वतः चाखलं. "डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नाही. जमलं!"

टिल्लीने तोंड खुपसलं.

"घटाघटा नको हं. एक घोट. थांब. एक घोट."

टिल्ली प्यायली, गुटुक. पेंगली. प्यायली, गुटुक. पेंगली. मावशीच्या मांडीवर झोपून गेली.

सावल्या लांब झाल्या. टिल्लीचा कान हलला. शेपूट हललं. आणि...

टुणुक! छुम!

"कोण गं?" वाऱ्याने विचारलं.

"मी! माझं घुंगूर!"

टुणुक टुणुक. छुम छुम छुम.