अकरा इफेक्टांखालचा आवाज

"अजून कुठे बोचतंय?" अंबूअक्कांनी विचारलं.

"जुलेखाचा आवाज," ओजस स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. "कपाटात कोंडल्यासारखा येतोय. काढतो मी बाहेर."

"काढ की."

मिरजेतल्या त्या माडीवर भिंतींना गाद्या टेकवून अक्कांनी घरातच स्टुडिओ केला होता. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून निवृत्त झाल्या आणि साठीनंतर गाणी मिक्स करायला शिकल्या. कुणी शिकवलं नाही. कुणाची बिशाद नव्हती. ओजस पुण्याहून साउंडचा डिप्लोमा घेऊन आलेला. शिकायला आलो म्हणाला खरा, पण पहिल्याच दिवशी अक्कांनाच चार गोष्टी शिकवून मोकळा झाला.

हे त्याचं पहिलं गाणं. गाणारी जुलेखा मुजावर, कपडे शिवून पोट भरणारी, जिभेची तिखट. अठरा वेळा त्याने मिक्स पाठवलं, अठरा वेळा तिने नापास केलं. काल तिने निक्षून सांगितलं होतं, उद्या चारपर्यंत झालं तर ठीक. नाहीतर गाणं दुसऱ्या स्टुडिओत नेणार, आणि तुझं नाव त्यावर राहणार नाही.

आता दुपारचे अडीच वाजले होते.

जुलेखाच्या आवाजावर ओजसने अकरा इफेक्ट चढवले होते. एक धार आणणारा, एक घुमारा देणारा, एक गोडवा वाढवणारा… माणूस नवीन शिकला की त्याचे हात शिवशिवतात. अकराव्याचं बटण तो केसभर फिरवायचा, डोळे मिटून ऐकायचा, पुन्हा केसभर फिरवायचा.

अक्का शेजारी बसून वाटाणे सोलत होत्या. मधूनच स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बघत होत्या.

साडेतीनला तो खुर्चीतून ताडकन उठला.

"ऐका! मोकळा झाला! अक्का, दुसऱ्या कडव्यात ती गाता गाता हसलीय!"

"पहिल्या दिवसापासून हसतेय."

"अठरा मिक्समध्ये एकदाही ऐकू आलं नव्हतं. आज आलं! या बटणाने…"

अक्कांनी वाटाण्याची शेंग स्क्रीनच्या कोपऱ्याला लावली. तिथे इफेक्ट चालू असल्याचा एक बारीक दिवा होता. विझलेला.

…

अडीच वाजता, बटणाला हात लावण्याआधी, तुलना करायला म्हणून ओजसने एका क्लिकमध्ये अकराही इफेक्ट बंद केले होते. चालू करायचे राहूनच गेले होते. तासभर तो बंद असलेलं बटण फिरवत होता.

त्याची कानशिलं तापली.

"तुम्हाला दिसत होतं?"

"पहिल्या मिनिटापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणं चालू असलं की ऑपरेटरने लाइनीत शिरायचं नसतं."

"कुणाचं बोलणं? मी तर एकटाच…"

"आणि ती गात होती ती?" अक्कांनी पुढची शेंग उचलली.

ओजसने दिवा लावला. जुलेखा कपाटात गेली. विझवला. जुलेखा समोर येऊन उभी राहिली. लावला… विझवला… कोंडणारा कोण, ते आता त्याला चांगलंच ऐकू येत होतं.

मग त्याने एकेक करून अकराही काढून टाकले. गोडवा वाढवणारा सोळाशे रुपयांचा होता. तो काढताना बोट अडखळलं, पण काढला. मास्टरिंगच्या शेवटच्या टप्प्यात अख्ख्या गाण्याचा आवाज थोडासा उचलला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला.

चारला जुलेखा जिना चढून आली. "पेन ड्राइव्ह आणलाय. गाणं घेऊनच जाणार आहे आज, आधीच सांगते."

"आधी ऐक की बाई," अक्का म्हणाल्या.

तिने हेडफोन चढवले. गाणं संपलं. तिने पुन्हा लावलं. दुसऱ्या कडव्याला तिचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"ही मी आहे," ती हळूच म्हणाली. मग एकदम, "अरे, ही मीच आहे! काय केलंस काय तू?"

ओजसच्या जिभेवर इंग्रजी नावांची रांग उभी होती. त्यातलं एखादं फेकलं असतं तरी तिने मान डोलावली असती.

"काही नाही केलं," तो म्हणाला. डिप्लोमा घेतानाही त्याची मान एवढी ताठ नव्हती.

"काही नाही करायला एकोणीस खेपा?" जुलेखा खदखदून हसली आणि पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला. "बरं, हेच पाठवा सगळीकडे. पण अक्का, मिक्सिंगला नाव कुणाचं घालू? हा तर म्हणतो, काहीच केलं नाही."

"अक्कांचं घाल," ओजस म्हणाला. तो मनापासून म्हणाला.

अक्कांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"त्याचं घाल," त्या म्हणाल्या. "आडनावासकट. मोठ्या अक्षरात."