शंभर घोडे आणि एक दगडी बाक

घाटाच्या पायथ्याशी एका गावात भिवा नावाचा पाथरवट राहत होता. त्याची एकुलती एक लेक कस्तुरा घाटावरच्या गावात दिली होती. माहेरी आली की ती अंगणातल्या दगडी बाकावर बसून राहायची. निघताना म्हणायची, “आबा, हा बाक माझ्या दारात असता, तर रोज संध्याकाळी माहेरी आल्यासारखं वाटलं असतं.”

भिवाच्या मनाने तेच घेतलं. लेकीला निरोप धाडला, “उद्या बाक घेऊन येतो.”

गावात एक नवी डिझेलची पिकअप आली होती. तिच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘शंभर घोड्यांची ताकद!’

बायको म्हणाली, “अहो, बाक अखंड दगडाचा आहे. आधी गाडीत चढवा, टेकडीच्या चढावर एक फेरी मारून बघा. घाटात परवा जा.”

“परवा? पोर उद्या वाट बघेल,” भिवा म्हणाला. “आणि एवढं लिहिलंय ते काय उगाच?”

“कंपनी खोटं कशाला लिहील, काका?” गाडीवाल्यानेही हमी दिली.

सपाट रस्त्यावर गाडी वाऱ्यासारखी धावली. घाट लागला तशी ती धापा टाकू लागली. अर्ध्या घाटात तर थांबलीच, आणि हळूहळू मागे घसरायला लागली. भिवाने उडी टाकून चाकामागे धोंडा लावला, म्हणून दरी टळली.

गाडीवाला घामाघूम झाला. “काका, भरल्या मालाने मी कधी चढ चढलोच नव्हतो. जे लिहिलं होतं, तेच सांगत आलो.”

बाक खाली उतरवावा लागला. वाट बघत वरच्या वळणावर येऊन थांबलेल्या कस्तुराने ते पाहिलं आणि ती धावत उतरून आली.

“चुकलो गं,” भिवा म्हणाला. “तुला भेटायची घाई झाली, अन् विचारायचं ते विचारलंच नाही.”

तिने बापाचा हात धरून त्याला बाकावर बसवलं. ऊन कलेपर्यंत दोघं तिथे बसली. मग ती वर निघाली, तो खाली. वळणावळणाला दोघंही मागे बघत होती, आणि मध्ये रस्त्याकडेला तो बाक रिकामा पडला होता.

मुलांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: मनाला ओढ लागली की पाटीवरचं सगळं खरं वाटतं, पण ताकद वाचून कळत नाही, ओझं घेऊन चढावर पाहावी लागते.