खिंडीसमोरचं रान

फार फार मागची गोष्ट. फाल्गुन शुद्ध पंचमीचा दिवस होता. आभाळ निरभ्र, सकाळी थोडा गारवा, आणि दुपार कलल्यावर पश्चिमेचा वारा.

चहूबाजूंनी डोंगर आणि मधे थाळीसारखं खोलगट एक गाव होतं. पश्चिमेच्या डोंगराला एक खिंड होती. तिच्यातून वारा आत यायचा, गावातल्या चुलींचा धूर गोळा करायचा आणि पूर्वेच्या उतारावरून घेऊन जायचा. खिंडीसमोर मोठं रान होतं. त्यात गुडघ्याच्या वर जाणारं पीक कुणी घेत नसे. हरभरा, जवस, मसूर, एवढंच. रानाच्या अलीकडे गावाचं खळं होतं. तिथे तिवईवर उभं राहून बाया धान्य उफणायच्या, भुसा वाऱ्यावर उडवायच्या, आणि पहिली पाटी वाऱ्याच्या नावानं सोडायच्या.

गावाची आणखी एक रीत होती. दारी आलेल्याला आपल्याकडचं उत्तम असेल ते द्यायचं.

त्या दिवशी गावचा कारभारी रायबा खळ्यावर उभा होता. शहरात दिलेली त्याची लेक चंद्रा गाडीतून उतरली. तिच्या कडेवर तानू होती, रायबाची एकुलती नात. पोरीची छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजत होती. शहरात भट्ट्यांचा धूर फार. तानू खाली उतरली, उडत्या भुशामागे धावली आणि दिवस मावळेपर्यंत एकदाही खोकली नाही.

"आबा," चंद्रा म्हणाली, "हिला इथंच राहू द्या."

"राहू द्या काय? खिंडीसमोर घर बांधून देतो तुला. पहिला वारा माझ्या नातीला."

रायबाची बायको तिवईवरून म्हणाली, "अहो, त्या रानात आपण तूरसुद्धा लावत नाही. अन् घर?"

"एका घरानं कुठं वारा अडतो?" रायबा हसला. "तुझ्या पदरानं अडतो का?"

सगळं खळं हसलं. तीही हसली.

चंद्राचं घर उभं राहिलं. तानूच्या गालांवर रंग आला. ही गोष्ट शहरात गेली, आणि दम लागणारी माणसं, खोकणारी मुलं गाड्या भरून येऊ लागली. रायबा त्यांना काय सांगणार? स्वतःच्या लेकीला दिलेलं दुसऱ्याच्या लेकराला कसं नाकारायचं? गावानं त्यांनाही खिंडीसमोरचंच रान दिलं. उत्तम तेच होतं.

प्रत्येकाला पश्चिमेची खिडकी हवी होती. म्हणून घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लावून उभी राहिली. विटा भाजायला रानातच भट्ट्या लागल्या. हरभऱ्याच्या जागी गाड्यांची वाट झाली आणि तिची धूळ दिवसभर वर उठू लागली. मग पहिल्या ओळीमागे दुसरी ओळ आली.

पौषात धूर डोंगरांच्या मधे साचला. दुधावर साय धरावी तसा तो गावावर धरला, आणि दुपारपर्यंत हलेना. फाल्गुनात बाया तिवईवर चढल्या. पहिली पाटी वाऱ्याच्या नावानं सोडली. दाणे खाली पडले, आणि त्यांच्यावरच भुसा पडला.

बायांनी पाट्या खाली ठेवल्या. तेवढ्यात चंद्राच्या घरातून तानूच्या छातीचा भाता खळ्यापर्यंत ऐकू आला.

रायबा दारोदार गेला. "बाबांनो, मधलं एखादं घर मागं घ्या. वाऱ्याला वाट द्या."

"आजोबा, माझ्या एका घरानं कुठं वारा अडतो?" पहिल्यानं विचारलं.

दुसऱ्यानंही तेच विचारलं. तिसऱ्याच्या घरातली म्हातारी म्हणाली, "आधी तुमच्या लेकीचं पाडा की. सगळ्यात पुढं तर तेच आहे."

रायबाला राग आला नाही. तो घरी गेला, पहार घेतली आणि लेकीच्या घराची पश्चिमेची भिंत स्वतःच्या हातानं फोडायला लागला. तानू दारात बसून बघत होती.

"आबा, माझं घर का पाडताय?"

"वाऱ्याला आत घ्यायचंय, बाळा."

"मग त्याला हाक मारा ना," तानू म्हणाली, आणि धाप लागून तिला पुढे बोलता येईना.

घर पडलं. खिंडीतून आलेला वारा त्या फटीत शिरला, मागच्या ओळीच्या भिंतीला लागला आणि तिथेच धूळ उडवत फिरत राहिला.

चंद्रानं गाडी जुंपली. डोंगरापलीकडे, समुद्राच्या अंगाला तिची नणंद राहत होती. निघताना तिनं बापाच्या पायांवर डोकं ठेवलं. "आबा, तुमचं काही चुकलं नाही. माया केलीत."

"मायाच केली," रायबा म्हणाला. "पण जे माझं नव्हतं ते देऊन केली. ते रान गावाचं नाक होतं, पोरी."

काही दिवसांनी शहरातून एक गाडी आली. आत एक बाई आणि तिच्या मांडीवर धापा टाकणारा मुलगा होता. बाईनं पडक्या घराच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. "दादा, एवढीच एक जागा राहिलीय. माझ्या लेकराला द्याल का?"

रायबानं त्या मुलाच्या छातीकडे पाहिलं. त्याची बायको नको म्हणायला पुढे झाली, आणि त्या मुलाची पाठ चोळू लागली.

लहानथोरहो, एवढं ध्यानात ठेवा: ज्या मोकळ्या जागेतून सगळ्यांचा श्वास येतो, ती रिकामी समजून कुणालाही देऊ नये, मायेपोटीसुद्धा नाही.

वैशाख शुद्ध दशमीला, आभाळ धुरकट आणि वारा पडलेला असताना, त्या जागेवर नव्या घराचा पाया खणला गेला.