चुलवणाची तपासणी

चुली बोलत होत्या आणि पाखरं ऐकून घेत होती, तेव्हाची ही गोष्ट. एका गुऱ्हाळाचं चुलवण जुने टायर जाळायचं. शेजारच्या बाभळीवर सुगरणीची पिल्लं खोकून बेजार झाली होती.

रानाचा नियम असा, की दर सोमवारी बगळ्यानं धुराड्यावर बसायचं. पंख काळे झाले तर चुलवण बंद. पण बगळा दिसला की चुलवण वाळकी चिपाडं जाळायचं आणि बगळा पांढराशुभ्र उठून जायचा.

"बगळेदादा, धाकटं पिल्लू आता चोचसुद्धा उघडत नाही," सुगरण म्हणाली. "उद्या धुराड्यावर नको, माझ्या बाभळीत बसा."

सोमवारी बगळा फांद्यांआड बसला. आज तो येत नाही असं समजून चुलवणानं टायर पोटात ओढले. घटकाभरात बगळा काळाकुट्ट झाला. तसाच तो उडाला आणि धुराड्यावर येऊन बसला.

"ऊठ रे कावळ्या!" चुलवण खेकसलं. "ती बगळेरावांची जागा आहे."

"माहीत आहे," बगळा म्हणाला. "मीच तो."

चुलवण महिनाभर विझलेलं राहिलं. पुन्हा पेटलं ते चिपाडांवरच, कारण बगळा कुठल्या झाडावर बसेल याचा आता नेम नव्हता. सुगरणीचं धाकटं पिल्लू हल्ली दिवसभर खाऊसाठी ओरडतं. ती त्याला मुळीच गप्प करत नाही.