भरल्या गाडीचे दिवे

एकदा एका घाटमाथ्यावरच्या वस्तीत एक जुनी जीप होती आणि त्या जीपचा एक हट्टी मालक होता. त्याचे नाव महिपत. चिखल असो, ओढा असो की नांगरलेले रान, त्याची जीप कुठूनही बाहेर पडे. तिला तो जितका जपे तितका बायकोलाही जपत नाही, असे त्याची आई चारचौघांत बोलून दाखवी. जीपमध्ये दोष एकच होता. तिचे पुढचे दिवे इतके मंद झाले होते की अंधारात रस्ता दिसत नसे, रस्त्याचा नुसता अंदाज येई.

या दोषाकडे महिपतने बरेच दिवस काणाडोळा केला. आता मात्र तसे करून चालणार नव्हते. त्याची बायको शेवंता हिला नववा महिना लागला होता. तालुक्याचे रुग्णालय अठ्ठावीस किलोमीटरवर, मध्ये सगळा घाट, आणि वस्तीवर दुसरे वाहन नाही. पहिल्या खेपेला गाडी मिळेपर्यंत उजाडले होते आणि ते बाळ हाती लागले नव्हते. त्या दुःखाविषयी घरात कोणी बोलत नसे. महिपत तर मुळीच नाही. त्याने शेताचा तुकडा विकून ही जीप आणली, एवढेच त्याचे बोलणे.

वस्तीवर आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताई येऊन शेवंताला तपासून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "कळा कवाही सुरू होतील. गाडी तयार ठेवा." त्याच आठवड्यात महिपतने शहरातून नव्या दिव्यांची जोडी आणली. पांढराशुभ्र प्रकाश देणारे गोल दिवे.

"तालुक्याला नेऊन बसवून घे की," आई म्हणाली.

"न्हाई. या वेळी दुसऱ्याच्या हातावर मी काय बी सोडणार न्हाई," महिपत म्हणाला.

हे काम त्याला येत नव्हते असे नाही. तरुणपणी चार वर्षे तो एका वृद्ध मिस्त्रींच्या हाताखाली शिकला होता. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. आता वस्तादांनी पाना-पक्कड खाली ठेवली होती, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि ते खालच्या आळीत लेकाकडे राहत. महिपतने त्यांना बोलावणे धाडले, पण मदतीसाठी नव्हे. काम पुरे झाल्यावर त्यांनी यावे, पाहावे आणि मान डोलवावी, एवढीच त्याची अपेक्षा होती. शिष्याची अशी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही, पण ती थोडी धोक्याची असते.

सकाळी त्याने बॅटरीची तार सोडवली आणि दिव्याभोवतीच्या कड्याला हात घातला. कड्याचे स्क्रू गंजून एकजीव झाले होते. त्यांवर रॉकेल सोडले, अर्धा तास वाट पाहिली, पुन्हा जोर लावला. एका स्क्रूचे डोके तुटले, महिपतच्या अंगठ्याचे साल निघाले. त्याने तिथे चिंधी गुंडाळली आणि तुटलेला स्क्रू कोरून काढला. जुना दिवा बाहेर ओढला, मागची जोडणी सोडवली, वायरींची टोके घासून लख्ख केली आणि नवा दिवा बसवला. दुसऱ्या दिव्यालाही तेवढाच वेळ लागला. शेवंता दारात बसून तांदूळ निवडत होती. "जेवून घ्या," असे तिने तीनदा सांगितले आणि चौथ्यांदा ताट झाकून ठेवले.

उरले होते शेवटचे आणि नाजूक काम. दिवा नुसता बसवून भागत नाही, त्याचा प्रकाश कुठे पडावा हेही ठरवावे लागते. त्यासाठी दिव्याच्या कडेला दोन बारीक स्क्रू असतात. एकाने प्रकाश वर-खाली होतो, दुसऱ्याने डावी-उजवीकडे सरकतो. महिपतने समाजमंदिराच्या पांढऱ्या भिंतीसमोर, सपाट जागेवर, पंचवीस फूट मोजून जीप उभी केली. माप चोख यावे म्हणून त्याने गाडीतली एकूण एक वस्तू बाहेर काढली. जादा चाक, हत्यारांची पेटी, मागच्या बाकांच्या गाद्या, सगळे. मग भिंतीवर खडूने रेघ मारली. दिवस मावळता मावळता त्याने दोन्ही दिव्यांच्या प्रकाशाची कड त्या रेघेवर अशी बिनचूक आणून ठेवली की बघणाऱ्याने बघतच राहावे.

वस्ताद काठी टेकत आले. भिंतीकडे पाहिले, रेघेकडे पाहिले, वाकून दिव्यांच्या कड्यांवरून बोट फिरवले.

"काम झ्याक केलंस," ते म्हणाले. महिपतची छाती फुगली. "आता हिला भर."

"काय भरू, वस्ताद?"

"ज्या दिशी शेवंताला न्यायची, त्या दिशी गाडीत कोण कोण असंल?"

महिपतने बोटांवर मोजले. शेवंता, आई, आशाताई, थोरला भाऊ, वहिनी आणि शेजारचे दोघे. उचलायला माणसे लागतात.

"आन् सामान?"

"गादी, पाण्याचा कॅन, हे जादा चाक, हत्यारं. आन् आईची पत्र्याची पेटी. ती पेटीबिगर कुठं जात न्हाई."

"मग बोलाव समद्यांना. पेटी बी आण."

महिपतला हा प्रकार मुळीच पटला नाही. दिवसभर उपाशी राहून साधलेले काम, आणि हे म्हणतात वऱ्हाड गोळा कर. पण वस्तादांच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता. त्याने बाहेर काढलेले सामान आणि गाद्या पुन्हा गाडीत ठेवल्या आणि घरोघरी जाऊन माणसे आणली. आशाताई चुलीवरची भाकरी तशीच ठेवून आल्या आणि ते त्यांनी दोनदा ऐकवले. आईने पेटी खरोखरच आणली. शेवंता हसू दाबत, एका हाताने पोट सावरत मागच्या गादीवर टेकली. शेजारचे दोघे चढले तसे मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे करकरले आणि जीपची मागची बाजू खाली बसली.

"आता भिंत बघ," वस्ताद म्हणाले.

महिपतने पाहिले. गाडी मागून बसली तशी तिने पुढून नाक वर केले होते, आणि प्रकाशाची कड रेघ सोडून चांगली वीतभर वर चढली होती.

"वीतभरच हाय की," तो चाचरत म्हणाला.

"पंचवीस फुटांवर वीतभर. शंभर पावलांवर किती हुईल?"

महिपतने मनात हिशेब केला. शंभर पावलांवर तो प्रकाश रस्त्यावर राहणारच नव्हता. तो समोरून येणाऱ्या माणसाच्या नेमका डोळ्यांत जाणार होता.

वस्तादांनी बोनेटवर हात टेकला. "तुझा हात चुकला न्हाई, महिपत. माप घेतलंस तवा गाडी रिकामी होती, एवढंच. माणूस बी असाच करतो. मनावर वझं नसतं तवा बसून ठरवतो, मी असा वागंन, तसा वागंन. मग वझं येतं, मागनं दाब बसतो आन् त्यो नाक वर करतो. त्याला वाटतं आपला उजेड लई लांब पडतोय. खरं तर पायाखालचं दिसत न्हाई, आन् समोरचा आंधळा हुतो. घाटात समोरचा आंधळा झाला तर खड्ड्यात कोण जाईल?"

"दोघं बी," महिपत म्हणाला. पण त्याच्या मनात अजून एक शंका होती. "वस्ताद, भरल्या गाडीवर दिवे जुळवले तर रिकामी असताना उजेड जवळच पडंल."

"पडू दे की. रिकाम्या गाडीला काय घाई हाय? हळू चालव."

महिपत पुढे गुडघे टेकून बसला. आत सात माणसे आणि एक पेटी. आशाताईंना भाकरीची काळजी लागलेली, आईची सर्वांना न हलण्याची ताकीद चाललेली. त्याने स्क्रू पावपाव फेऱ्याने फिरवत दोन्ही दिव्यांची कड पुन्हा रेघेवर आणली. मघाशी त्याला सगळ्यांना दाखवायचे होते. आता त्याचे लक्ष फक्त गादीवर टेकलेल्या त्या एका माणसाकडे होते. तिला नीट न्यायचे होते.

आठव्या दिवशी, पहाटेच्या अंधारात, ती वेळ आली. जीप अगदी तशीच भरली आणि घाट उतरू लागली. निम्म्या वाटेवर, जिथे रस्ता अरुंद होऊन दरीला लागतो, तिथल्या वळणावर समोरून दुधाचा टेम्पो वर आला. टेम्पोवाल्याला समोरचे सगळे स्वच्छ दिसत असावे. तो न बिचकता डोंगराच्या अंगाला सरकला, थांबला आणि जीप शेजारून जाताना त्याने हात वर केला. मागे शेवंता आईचा हात आवळून धरून कण्हत होती. महिपतने गाडीचा वेग वाढवला नाही.

सव्वासात वाजता मुलगी झाली. दोघीही सुखरूप होत्या. रुग्णालयाच्या पायरीवर बसून महिपत रडला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. तो टेम्पोवाला आतापर्यंत वाड्यावस्त्यांवरचे दूध गोळा करत असेल, असे त्याच्या मनात आले. आपण कोणाला वाट दिली हे त्या माणसाला कधीच कळणार नव्हते. त्याला समोरचे दिसत होते म्हणून त्याने वाट दिली होती.

आपण नवा निश्चय करायला बसतो तेव्हा मन बहुधा मोकळे असते, म्हणून माप घेण्याआधी आपली सगळी माणसे आणि आईची पेटीसुद्धा गाडीत बसवून घ्यावी.